जुन्या गाडीचे नवे दिवे

आज जुन्या गाडीच्या सात इंची गोल हेडलाइटमधले सीलबंद दिवे काढून एच-४ बल्बचे (अप्पर-डिपर दोन्ही असलेल्या हॅलोजन बल्बचे) रिफ्लेक्टर बसवले. प्रकाश मंद असण्याचे खरे कारण मात्र वायरिंगमध्ये होते, कारण मूळ रचनेत दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतले गंजलेले जोड व्होल्टेज खातात. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्के घटले की प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो, त्यामुळे ही तूट किरकोळ म्हणता येत नाही. म्हणून अप्पर आणि डिपरसाठी स्वतंत्र रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज आणि तांब्याची जाड वायर टाकली. आता जुन्या स्विचकडे केवळ रिले चालू-बंद करण्याचे काम उरले आहे. अर्थिंगची जागा, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात ती, रंगाखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासली, आणि माझ्या मते निम्मी करामत तिचीच आहे. एलईडी बल्बचा आग्रह अनेकांनी धरला होता, पण हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा प्रकाश बहुधा विखुरतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, त्यामुळे तो मोह टाळला. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरच्या प्रकाशाची वरची कडा जुळवली. उजवा दिवा अजून किंचित वर आहे, त्याचा स्क्रू उद्या फिरवीन.