पोटदुखीची पोरगी
आज आमच्या करवीरमधल्या आरोग्य केंद्रात नववीतली एक पोरगी पुन्हा पोटदुखी घेऊन आली. सोनोग्राफी, रक्त-लघवी सगळं नॉर्मल. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आईच देत होती. "ताई, जरा बाहेर बसता?" म्हटलं. मग पोरगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलली, "झोपच येत न्हाई, मॅडम. शाळेत जाऊच वाटंना."

मुलांचं मन दुखलं की तक्रार बऱ्याचदा पोटाची, डोक्याचीच असते. जीव नकोसा वाटतो का, हेही मी सरळ विचारते. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ओपीडीत गर्दी असते, मान्य, पण एवढा वेळ काढायलाच हवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिलीय, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.

पालकांनो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.