एएलसी२५५ अपडेट: पिन १९ बोलली, आता घुणघुण उरली

मंडळी, भजन मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी माझ्या एसर लॅपटॉपच्या कॉम्बो जॅकमधून (हेडफोन आणि माइक दोन्हींचं एकच भोक) माइकचा आवाज आला एकदाचा! एएलसी२५५ ही त्यातली रिअलटेकची साउंड चिप.

विंडोजवरचा ड्रायव्हरचा घोळ मागेच निस्तरला होता, म्हणून त्यावर थोडक्यात. डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी शेवटपर्यंत वाचा. व्हेन १०ईसी म्हणजे रिअलटेक, डेव्ह ०२५५ म्हणजे आपली चिप, आणि सबसिस म्हणजे लॅपटॉप कोणता ते सांगणारा भाग, त्याच्या सुरुवातीचे १०२५ म्हणजे एसर. नुसती चिप जुळून भागत नाही. सबसिस वेगळी निघाली की ड्रायव्हर जॅकची जोडणी भलत्याच लॅपटॉपची धरून चालतो. ड्रायव्हर पॅकवाल्या ॲपांवर माझा काडीचा भरवसा नाही. कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा घ्यावा, मग रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसावं लागलं तरी बेहत्तर.

खरा घोळ लिनक्सवर होता. स्पीकर वाजे, हेडफोन वाजे, पण तीन काळ्या रेघांच्या पिनवाला इअरफोन लावला की त्याच्या माइकचा पत्ताच नाही. अल्सा म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, तिची चिपची माहिती देणारी कोडेक फाइल उघडली. चिपच्या कुठल्या पिनला काय जोडलंय ते तिथे दिसतं. आतला माइक १२ वर, स्पीकर १४ वर, हेडफोन २१ वर, सगळं जागच्या जागी. जॅकच्या माइकची पिन १९, तिच्यापुढे मात्र ४१११११एफ०. म्हणजे बायोसच सांगतंय की इथे काही जोडलेलं नाही! सातबाऱ्यावर नोंद नसलेल्या विहिरीसारखं झालं. पाणी आहे, पण कागदावर नाही, आणि ड्रायव्हर कागदच पाहतो.

पिनांची नोंद बदलायचं एचडीए-जॅक-रीटास्क हे ॲप उघडलं, तर त्यातही १९ दिसेना. न जोडलेल्या पिन दाखवण्याचा एक चौकोन तिथे असतो, तो टिक केल्यावर बाई हजर झाल्या. ओव्हरराइड, मायक्रोफोन, जॅक डिटेक्शन बंद, बूट ओव्हरराइड, रीबूट. अल्सामिक्सरमध्ये माइकची नवी दांडी उगवली. रेकॉर्ड केलं तर रेघ सपाट.

पिन नोंदवणं हे अर्धंच काम. कॉम्बो जॅकच्या शेवटच्या दोन कड्यांपैकी ग्राउंड कोणती आणि माइक कोणती, हे सीटीआयए आणि ओएमटीपी या दोन पद्धतींत उलटसुलट असतं. हल्लीच्या मोबाइल इअरफोनवर बहुतेक सीटीआयए, म्हणजे माइक अगदी बुडाशी. चिपला त्यासाठी हेडसेटच्या अवस्थेत न्यावं लागतं, नाहीतर ती साधा हेडफोन समजून गप्प बसते. मॉडप्रोबच्या फाइलीत (ड्रायव्हरच्या सेटिंग तिथे लिहितात) एसएनडी-एचडीए-इंटेल या साउंड ड्रायव्हरला मॉडेल म्हणून 'हेडसेट-मोड' दिलं, पुन्हा रीबूट, आणि कानात शेजारच्यांची बकरी! गळ्यातल्या घुंगरासकट. ती क्लिप मी जपून ठेवली आहे. माइक मिक्सरमध्ये हाताने निवडावा लागतो, तेवढं चालतं.

मग लगेच भजन मंडळात चाचणी. खंजिरीची पहिली थाप पडली आणि काका हेडफोन काढून म्हणाले, "बाबू, खंजिरी फुटून राह्यली ना बे." माइक बूस्ट ३० डेसिबलवर होता. शून्यावर आणला, कॅप्चर थोडं चढवलं, खंजिरी सुटी झाली. पण मागे बारीक घुणघुण आली, ५० हर्ट्झची. ॲडाप्टर उपसला की गायब. समाजमंदिरातल्या बोर्डाला अर्थिंग नावापुरतंच आहे.

अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहणार आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे मोटारींसाठी ते करतातच. यूएसबी साउंड कार्ड मागवायचं ठरवलं होतं. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने त्यात "स्टुडिओ क्वालिटी" असल्याचं शपथेवर सांगितलं होतं. पण तेही याच लॅपटॉपवर चालणार, याच ॲडाप्टरचं ग्राउंड घेणार, म्हणजे घुणघुण घरचीच. कार्ड रद्द. ते पैसे नव्या बॅटरीत.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: संध्याकाळी लोडशेडिंग असतं तेव्हाच रेकॉर्डिंग का करू नये? ॲडाप्टर नाही, डोक्यावरचा पंखा नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह म्हणजे तासाला साधारण ३४५ एमबी. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबलेली फाइल), गावात वाटायला ओपस (खूप लहान फाइल). जुनी बॅटरी हरिपाठापर्यंत तग धरते का, ते पुढच्या गुरुवारी कळेल. वायफाय बंद आणि स्क्रीन मंद ठेवून बसतो. बॅटरी वाचवायची आणखी युक्ती असेल तर सांगा.