डिगॉक्सिनआधीचं पूर्ण मिनिट

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळच्या औषधांच्या वेळी एका आजोबांची नाडी मनगटावर पंधरा सेकंद मोजली. सतरा ठोके आले. चारने गुणलं, ६८ लिहिलं आणि डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी कपात काढली.

इन्चार्ज सिस्टरनी आकडा पाहिला आणि विचारलं, "एपेक्सला मोजलेस?" एपेक्स म्हणजे छातीवर डावीकडे, हृदयाचं टोक जिथे धडकतं ती जागा. मी गप्प. त्यांनी आजोबांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर उभ्या राहिल्या. मग तो माझ्या कानांना लावला. चार-पाच ठोके सरळ पडायचे, मग एक यायचाच नाही. त्या रिकाम्या जागेत माझाच श्वास अडकत होता. मिनिटाचे ठोके भरले ५४. माझे पंधरा सेकंद नेमके खंड नसलेल्या भागातले होते.

सिस्टरनी विचारलं, "आजोबा, जेवण का जात नाही?"
"मळमळतंय. आणि दोन दिवस झाले, ट्यूबलाइट पिवळी पिवळी दिसते."

गोळी थांबली, डॉक्टरांना कळवलं, ईसीजी निघाला. रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी होतं आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. रक्तातलं डिगॉक्सिनही वाढलेलं निघालं; मळमळ आणि पिवळं दिसणं त्याचंच लक्षण.

मला आजही अस्वस्थ करते ती गोष्ट वेगळीच आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाचही मी तपासले होते आणि पाचही बरोबर होते. तरी त्या सकाळी ती गोळी द्यायची नव्हती. ते कळायला फार्माकॉलॉजी लागते, आणि ती मला पाठ होती! 'लूप डाययुरेटिक्स' (लॅसिक्ससारखी लघवी वाढवणारी औषधं) एका धड्यात, 'कार्डिॲक ग्लायकोसाइड्स' (डिगॉक्सिनचा गट) दुसऱ्यात. आजोबांच्या चार्टवर मात्र लॅसिक्स आणि डिगॉक्सिन खालीवर लिहिलेली होती. लॅसिक्समुळे लघवीवाटे पोटॅशियम जातं. डिगॉक्सिन हृदयाच्या पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर बसतं आणि त्या जागेसाठी पोटॅशियमशी त्याची चढाओढ असते. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनला रान मोकळं. मग नेहमीचीच मात्रा जास्त ठरते.

त्यात हे औषध मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडं धड असली तरी त्याचं हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, ३६ ते ४८ तास. ती थकलेली असली तर आणखी लांबतं. म्हणूनच मी विद्यार्थिनींना सांगते, शंका आली तर थांबा आणि विचारा. नेहमीच्या डोसला तासभर उशीर झाला तर सहसा काही बिघडत नाही, पण नको असताना दिलेली गोळी दिवसेंदिवस अंगात राहते. मोठ्या माणसात एपेक्सचे ठोके मिनिटाला ६० च्या खाली असतील तर गोळी हातातच ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. ६० च्या वर असूनही ताल नव्याने बिघडलेला वाटला, तरी तेच. डिगॉक्सिनची पातळी बघायला रक्त घ्यायचं असेल तर गोळीनंतर किमान सहा तास जाऊ द्यायचे, नाहीतर आकडा फसवा येतो.

मात्रेचंही तसंच. ०.१२५ मिलिग्रॅम हे ०.२५ च्या निम्मं, पण घाईतल्या डोळ्याला १२५ मोठं दिसतं. पहिल्या वर्षाच्या हुशार मुलीही इथे अडखळतात. मी त्यांना मायक्रोग्रॅममध्ये मोठ्याने म्हणायला लावते: एकशे पंचवीस, अडीचशे. आणि दशांशचिन्हाआधी शून्य लिहायचंच, '.२५' मधला टिंब पुसट झाला की उरतात पंचवीस.

परवा एका मुलीला एपेक्स मोजायला उभं केलं. अर्ध्या मिनिटाला तिने मान वर केली, "मॅडम, ३६. म्हणजे ७२." मी काही बोलले नाही, घड्याळावर बोट ठेवलं. ती पुन्हा वाकली, सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबली आणि पहिल्यापासून मोजायला लागली.