बारा पावलं

"म्याडम, त्यो कागद गुंडाळून ठेवा. दगडाच्या घरात आमी बसायचो नाय."

सत्तरीच्या आजी उठून एवढंच बोलल्या आणि परत खाली बसल्या. मंदिराच्या सभामंडपात पन्नासेक बायका होत्या. आजींना कुणी गप्प केलं नाही, कुणी समजूतही घातली नाही. पुढच्या रांगेतल्या एकीने पदर तोंडाशी धरला, तेव्हा मला कळलं की नकार एकट्या आजींचा नव्हता.

गाव लोहारा तालुक्यातलं, किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. अशी ५२ गावं लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत उठवून दुसरीकडे बसवली गेली. बचत गटांच्या बायकांना बैठकीसाठी आणि दुपारच्या बालवाडीसाठी एक सभागृह हवं होतं, आणि आर्किटेक्ट म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. मी दोन महिने खपून आराखडा केला होता. जुन्या गावठाणात काळ्या दगडाचे ढीग पडून आहेत. तो दगड फुकट, वाहतूक दोन किलोमीटरची, विटा भाजायला लाकूड-कोळसा नको, आणि जाड भिंतीमुळे एप्रिल-मेच्या उन्हात आत गारवा. सगळी गणितं जुळत होती. ज्यांना त्या भिंतींत बसायचं होतं त्यांना मात्र मी दगडाबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे चार वाजायच्या आत, ३ वाजून ५६ मिनिटांनी, जमीन हलली. मी तेव्हा सोलापुरात चौथीत होते. मांडणीवरची भांडी खाली आली आणि आईने आम्हाला ओढत रस्त्यावर नेलं, एवढंच मला आठवतं. आजींच्या घरातली चार माणसं गेली. हे त्यांनी सभेत नाही सांगितलं. सभा मोडल्यावर त्या म्हणाल्या, "चला, दावते तुमाला," आणि काठी घेऊन जुन्या गावाच्या वाटेला लागल्या. मागून त्यांची सून आणि गावातले एक म्हातारे गवंडी मामा आले.

जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्यात. लिंबाची झाडं तेवढी जुनी. आजी न अडखळता चालत होत्या. ही वेस, ही गल्ली, हा आमचा वाडा. वाडा म्हणजे छातीएवढा दगडांचा ढीग. त्यातून एका कोपऱ्यात भिंतीचा तुकडा अजून उभा होता, आणि त्या तुकड्याने मला त्या दिवशी जे शिकवलं ते कॉलेजच्या पाच वर्षांत मी नीट पाहिलंच नव्हतं.

भिंत अडीच फूट जाड. बाहेरून घडीव दगड, आतून गोटे, आणि मधे चिपा नि माती कोंबलेली. मामांनी मधल्या मातीत हात घातला आणि मूठभर भुगा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ही एक भिंत नाय ताई, दोन भिंती हायेत. पाठीला पाठ लावून उभ्या. ह्या तोंडातून त्या तोंडात जाणारा एक लांब दगड दावा मला." मी वरपासून खालपर्यंत शोधला. एकही नव्हता. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात, एक आत पडतो आणि एक बाहेर. भूकंपानंतर दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात भिंतीतून आरपार भोकं पाडून सळी घातलेले काँक्रीटचे जोड बसवत, ते ह्याचसाठी. मामा स्वतः त्या कामावर होते.

"आन् वरचं वझं?" आजी म्हणाल्या. त्यांनी काठीने ढिगाखालची पांढरी माती उकरली. माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, माती. त्यांच्या सासूबाई दरसाल मृगाआधी छत गळू नये म्हणून पांढरीचा नवा थर घालायच्या. जुना थर कुणी काढत नसे. "सासूच्या सासूनं घातल्याली माती पन त्याच्यातच."

तिथेच दगडावर बसून मी हिशेब केला. दहा बाय दहाची खोली, वर दोन फूट माती: नऊ टनांच्या आसपास. भूकंपात जितकं वजन जास्त तितका धक्का मोठा, आणि हे सगळं वजन झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. घराला दार एकच, खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेडाला माळवदातलं सवणं, म्हणजे छताला ठेवलेलं भोक. उन्हाळ्यासाठी आणि चोरांपासून राखण म्हणून हे सगळं शहाणपणाचंच होतं. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. भूकंप येईल असं कुणी, अगदी शास्त्रज्ञांनीसुद्धा, त्यांना सांगितलं नव्हतं. बायका घर बांधायला चुकल्या असं जे मधूनमधून ऐकू येतं, त्याचा मला राग येतो.

मी मामांना म्हटलं, आपण दगड नीट जोडून, वर चारी भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा टाकून बांधला तर पडणार नाही. मामा म्हणाले, "नाय पडणार. मला ठावं हाय." मग आजींकडे बघून हळूच, "पर झोप लागंल का, त्ये बगा."

मला उत्तर सुचलं नाही. जागेची पाहणी करताना आम्ही वारा बघतो, उतार बघतो, काळी माती किती खोल आहे नि मुरूम कुठे लागतो ते खड्डे घेऊन बघतो. ह्या जागेवरची भीतीही तशीच खोल गेलेली होती आणि तिच्यासाठी मी एकही खड्डा घेतला नव्हता.

परतताना सुनेने आम्हाला घरी नेलं. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहिलो. पत्र्यानं भाजून निघायचो, मग आतून तुराट्यांचा कूड केला, शेणमातीनं लिपला. तेव्हा कुठं लेकरं निजली." तुरीच्या काड्या! शिवारात तुरीची रास झाली की बांधाबांधावर पडलेल्या असतात. हलक्या, पडल्या तरी माणूस मरत नाही, आणि लिपायचं काम बायकांच्या हातचं. वाळवीची काळजी आहे, म्हणून कूड जमिनीपासून वर उचलायचा, खाली गुडघ्याएवढं दगडी जोतं नि कट्टा ठेवायचा. तेवढ्या दगडाला आजींची हरकत नव्हती. "बसायला दगड चालंल, डोक्यावर नको."

मग त्या उठून मागच्या खोलीत गेल्या आणि मला हाक मारली. तिथे आडवा ठेवलेला सागवानी खांब. चुलीच्या धुराने काळा, गुळगुळीत, सव्वासात फूट. खाली दगडी तळखड्यात बसायचं तोंड झिजलेलं. वरच्या अंगाला लोखंडी कडी. पाळण्याची.

"भित्ती पडल्या, ह्यो खण उभा राहिला. मी ह्याच्याखाली व्हते." खण म्हणजे खांब-तुळयांची चौकट. आजींनी खांबावर हात ठेवला. "ह्यो घ्या तुमच्या सभागृहाला."

संध्याकाळपर्यंत तीन घरांतून अकरा खांब मोजून झाले. सगळे सारखे नाहीत, दोन कुजलेले. त्यांना तिरके टेकू द्यावे लागतील, वर पत्रा हलकाच ठेवावा लागेल, पत्र्याखाली तुराट्यांचा पदर. माझा आराखडा पिशवीतच राहिला. जागेवर जाऊन आम्ही फक्कीने नवा आराखडा जमिनीवर ओढला.

आजी त्या पांढऱ्या रेघांच्या मधोमध जाऊन बसल्या. मग उठल्या आणि दाराच्या खुणेपर्यंत चालत गेल्या, पावलं मोजत.

"बारा. लई झाली."

समोरच्या भिंतीत दुसरं दार काढलं. त्या परत मधे जाऊन बसल्या, उठल्या, चालल्या.

"सात," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून, "आता तू चालून बग, कडेवर लेकरू घिऊन."