मीटरबोर्डाखालच्या माश्या

आमच्या गिरगावातल्या चाळीत जिन्याजवळ मीटरबोर्डाच्या खाली भिंतीला भेग आहे आणि तिच्यातून मेणाची काळपट नळी बाहेर आलीये, करंगळीएवढी. त्यातून बारीक काळ्या माश्या सतत आत-बाहेर करतात. मला लहानपणापासून ती चिलटंच वाटायची. गेल्या महिन्यात शेजारच्या काकू झुरळांचा स्प्रे घेऊन तिथे उभ्या राहिल्या म्हणून जवळ जाऊन बघितलं, तर माशीच्या मागच्या पायांना पिवळे परागकण! म्हटलं काकू थांबा, या मधमाश्या आहेत, डंख नसलेल्या.

तेव्हापासून मी याच विषयात अडकलोय. मधमाश्या नाचून खाण्याचा पत्ता सांगतात हे आपण शाळेत ऐकलेलं असतं, कार्ल फॉन फ्रिशना १९७३ चं नोबेल मिळालं ते त्यासाठीच. पण वासाचं काम तेवढंच मोठं आहे. पेटीत पाळतात त्या युरोपीय मधमाश्यांच्या पोटाच्या टोकाला एक ग्रंथी असते, ती उघडी टाकून पंखांनी वारा घालायचा की बाकीच्यांना कळतं इकडे या. त्या वासात सिट्रल असतं, म्हणजे गवती चहात असतं तेच.

डंख नसलेल्या काही जातींचं त्याहून भारी आहे, त्या चक्क वासाचा रस्ता आखतात. ब्राझीलमध्ये लिंडाउअर आणि केर या दोन संशोधकांनी १९५० च्या दशकात बघितलं की खाणं सापडलेली माशी परत येताना दर दोन-तीन मीटरवर खाली उतरते, पानावर, दगडावर, मातीच्या ढेकळावर वासाची खूण लावते आणि पुढे उडते, आणि मग घरून बाकीच्यांना घेऊन त्याच वाटेने निघते. मग त्यांनी खाणं पाण्याच्या पलीकडे ठेवलं. पाण्यावर खूण लावणार कुठे? माहीतगार माश्या जात राहिल्या पण नवीन एकही येईना. मग पाण्यावरून दोरी बांधली, तिला पानं-डहाळ्या लटकवल्या, माश्यांनी त्या पानांवर खुणा केल्या आणि नवीन माश्या यायला लागल्या! मी हे वाचून रात्री साडेबाराला बायकोला उठवून सांगितलं.

हा वास जबड्याच्या ग्रंथीतून येतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. नंतर २००४ मध्ये यारौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायगोना रिकर्सा या जातीत दाखवलं की तो ओठाच्या ग्रंथीतून येतो. ट्रायगोना स्पिनिपेस नावाच्या जातीत तर खुणा खाण्याजवळ दाट आणि लांब जाल तशा विरळ असतात, त्यामुळे कुठल्या बाजूला जायचं ते कळतं. विलेपार्ल्याची बिस्किटांची फॅक्टरी २०१६ मध्ये बंद झाली, त्याआधी लोकलमध्ये डोळे मिटून बसलं तरी वास वाढत गेला की स्टेशन जवळ आलं हे कळायचं ना, तसंच काहीसं. पण याच स्पिनिपेस दुसऱ्या जातीच्या खुणा हुंगत जाऊन त्यांचं खाणं बळकावतात, म्हणजे रस्ता आखण्यात धोकाही आहेच.

भुंग्यांसारख्या केसाळ बंबलबीचं साधं असतं, घरात वास सोडून बाकीच्यांना फक्त उठवतात, शोधायचं ज्याचं त्याने.

पुढच्या आठवड्यात चाळीचं प्लास्टर सुरू होतंय. मुकादमाला नळी दाखवून ठेवलीये, म्हटलं भाऊ इथे चार बोटं जागा सोडा. काकूंनी तिथे खडूने गोल काढलाय.