गाबोळी, मुळा आणि वाकिझाशी

तोक्योला ऑफिसच्या कामाने गेलो होतो, एक दुपार मोकळी मिळाली म्हणून उएनोच्या म्युझियममध्ये शिरलो आणि तलवारींच्या दालनात असा काही रेंगाळलो की बाकीचं म्युझियम राहूनच गेलं. तेही मोठ्या काताना सोडून वाकिझाशीपाशी. ही आखूड तलवार, पातं 30 ते 60 सेंटिमीटरचं, सामुराई मोठीच्या जोडीला लावायचे, पण एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, व्यापाऱ्यांनाही एवढी एक चालायची, मग काय, शेटजींनी मूठ-म्यानाच्या साजावर हौस भागवून घेतली.

मुठीवर खरखरीत पांढरं दिसतं ते माशाचं कातडं, आपल्या कोकणातल्या पाकटाच्या जातीतलं. त्यावर रेशमी पट्टी आवळलेली, आणि पट्टीखाली मेनुकी, म्हणजे पेराएवढे सोन्याचे ड्रॅगन, अर्धे दबलेले. एवढं कोरायचं आणि वरून पट्टी बांधायची! आपण तर लग्नात कोपरापर्यंत बाही दुमडून पाटल्या दाखवणारी माणसं.

म्यानाला बाजूने एक छोटा चाकू अडकवलेला असतो, त्याची मूठ बघत तर मी काचेला नाकच लावलं. धातू शाकुदो, तांब्यात चार-पाच टक्के सोनं. आणि ते सोनं कशासाठी, तर रंग निळसर काळा चढावा म्हणून! त्यासाठी वस्तू तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळतात, आणि त्याआधी चक्क किसलेल्या मुळ्यात बुडवतात. या काळ्यावर खसखशीएवढे दाणे, एकेक ठोकून उठवलेले, ओळ कुठे म्हणजे कुठे हललेली नाही. नाव नानाको, माशाची अंडी. म्हणजे आपली गाबोळीच की.

गोतो घराण्याने हेच काम पंधराव्या शतकापासून 17 पिढ्या केलं. 1876 मध्ये तलवार लावून फिरायलाच बंदी आली, गिऱ्हाईक संपलं, कारागीर फुलदाण्या नि डब्यांकडे वळले.

आणि हा सगळा थाट मुठीत पात्याला धरून राहतो तो बांबूच्या एका खुंटीवर. काडीएवढी. ती काढली की सगळं सुटं. पातं मग साध्या लाकडी म्यानात ठेवतात, घरी आल्यावर लेंगा घालावा तसं, आणि साज विस्कटू नये म्हणून त्यात लाकडाचं खोटं पातं बसवतात. हे मला कळलं बाहेर पडताना. म्हणजे तासभर मी ज्याच्यापुढे श्वास रोखून उभा होतो, त्याच्या पोटात बहुतेक फळकूट होतं.