गीता भवन ते विजयनगर: सुमोचे सिग्नल स्वतःच्या कोडने चालवण्याआधी

इंदूरच्या आग्रा-मुंबई रस्त्यावरचा हा साधारण चार किलोमीटरचा टप्पा, गीता भवन, पलासिया, एलआयजी, विजयनगर असा, पायी करावा. स्कूटरवरून वळणे मोजता येत नाहीत, आणि सुमो हे वाहतुकीचे सिम्युलेशन इंजिन ट्रेसीमार्फत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला सुमोशी बोलू देणाऱ्या दुव्यामार्फत, बाहेरून चालवताना नेमकी तीच मोजणी अडते.

निघण्याआधी ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्यांचे नेटवर्क काढून ठेवा. नकाशाचे सुमोच्या नेटवर्कमध्ये रूपांतर करणाऱ्या नेटकन्व्हर्टला लेफ्टहँड पर्याय द्यायचा राहिला तर सगळी वाहने उजवीकडून धावतील. रस्ता दुभाजकाचा असल्यामुळे एका चौकाचे तीन-चार जंक्शन होतात. ती जोडून घ्या, नाहीतर प्रत्येकाचा सिग्नल वेगळा चालेल. बीआरटीएसची, म्हणजे जलद बससेवेची, मधली लेन उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये काढायला सांगितली आहे. नकाशात ती उरली असेल तर प्रत्यक्ष रस्ता पाहूनच ठेवा किंवा काढा.

चौकात न्यायचा कागद एकच: सुमो-जीयूआयमधून, म्हणजे सुमोच्या चित्र दाखवणाऱ्या खिडकीतून, लिंक क्रमांकांसह छापलेले जंक्शन. लिंक म्हणजे जंक्शनमधून एका लेनवरून दुसऱ्या लेनवर जायची एक वाट. कोडमधून सिग्नलची स्थिती द्यायची म्हणजे अक्षरांची एक माळ द्यायची, दर लिंकला एक अक्षर: मोठा जी म्हणजे हक्काने हिरवा, लहान जी म्हणजे समोरच्याला वाट देऊन, वाय पिवळा, आर लाल. लिंक अठरा असतील तर अक्षरेही अठराच हवीत. क्रम अंदाजाने धरू नका. गीता भवनच्या एका कोपऱ्यावर उभे राहून एकेका लिंकवर बोट ठेवत 'ही डावी, ही सरळ, ही उजवी' असे लिहून काढा. सिग्नल लाल असतानाही डावीकडची वाहने सुटत असतील, तर त्या लिंकला कायम लहान जी द्या. कागदावर हे कळत नाही, पाच मिनिटे उभे राहिले की कळते.

दुसरी चूक पिवळ्याची. स्थिती तुम्ही दिलीत की मधला पिवळा इंजिन आपणहून घालत नाही. हिरव्यावरून थेट लाल केले की वाहने करकचून ब्रेक मारतात आणि इशाऱ्यांची रांग लागते. तीन-चार सेकंद पिवळा तुमच्या लूपमधूनच द्या.

पलासियाला छप्पन दुकान जवळच आहे. पोहे खाता खाता मोजणीची बेरीज तिथेच करून घ्यावी, घरी गेल्यावर कोणती रेघ कुठली ते आठवत नाही.

मोजणीच्या जागा नेटवर्कवर बसवताना कन्व्हर्टरोडला, म्हणजे बिंदूवरून रस्ता शोधणाऱ्या ट्रेसीच्या फंक्शनला, आधी रेखांश द्यायचा, मग अक्षांश: इंदूरसाठी 75.9 आणि मग 22.7. मोबाइलचा नकाशा उलट क्रमाने देतो, त्यामुळे बिंदू भलतीकडेच जातो.

लूप लिहिताना प्रत्येक वाहनाला दर पावलाला, म्हणजे सिम्युलेशनचे घड्याळ एकदा पुढे सरकले की, वेग विचारू नका. 2000 वाहने आणि 3600 पावले म्हणजे सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या जोडणीवरून, 72 लाख फेऱ्या. वाहन निघाले की एकदाच सबस्क्राइब करा, म्हणजे हवी ती माहिती मागून ठेवा. पुढे घड्याळ एक पाऊल हलवणाऱ्या प्रत्येक सिम्युलेशनस्टेपबरोबर उत्तर येते. वाहन बाहेर पडल्यावर त्याचे नाव घेतले तर अपवाद फेकला जातो. सबस्क्रिप्शनमध्ये ती भानगड नाही.

सॉकेटच नको असेल तर लिबसुमो, म्हणजे इंजिन थेट तुमच्या प्रोग्राममध्ये बसवणारी लायब्ररी, घ्या. पायथनमध्ये बहुतेकदा इम्पोर्टची एक ओळ बदलून भागते, सी++ प्रोग्राममध्येही इंजिन असे आत बसवता येते. मात्र एका प्रोसेसमध्ये एकच सिम्युलेशन. चार पर्याय तपासायचे तर चार प्रोसेस, थ्रेड नव्हेत. दोन प्रोग्राम एकाच सिम्युलेशनला जोडायचे असतील तर ट्रेसीच वापरा आणि नम-क्लायंट्स, म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रामची संख्या, 2 ठेवा. दोघांनी पाऊल टाकल्याशिवाय घड्याळ हलत नाही. 'अडकले' वाटते ते बहुधा यामुळेच.

विजयनगरला दुचाक्या लाल सिग्नलवर फटीफटीतून पुढे येऊन थांबतात. सुमोत हे हवे तर लॅटरल-रेझोल्यूशन, म्हणजे लेन आडवी ज्या पट्ट्यांत विभागायची त्यांची रुंदी, 0.8 मीटर ठेवा; सिम्युलेशनचा वेग कमी होतो, पण त्याशिवाय दुचाकी मोटारीमागे शिस्तीत उभी राहते आणि रांग खोटी लांब दिसते. सुरुवातीच्या चाचण्यांत टाइम-टू-टेलिपोर्ट उणे 1 करून बंद करा. मुळात तो 300 सेकंद असतो. तेवढा वेळ अडकलेले वाहन उचलून पुढे ठेवले जाते आणि कोंडी आपोआप सुटल्यासारखी भासते. ती दिसू द्या, आणि कोणत्या लिंकवर अडली ते त्याच कागदावर शोधा.